हरकत नसलेल्या माणसाची हरकत

सरकारदरबारी आमचं गाव शहर आहे. त्याला नगरपरिषद आहे, नगरपरिषदेला दोन मजली इमारत आहे, आणि इमारतीत लिफ्टसाठी सोडलेली जागाही आहे. त्या जागेत सध्या डासांच्या धुराचं मशीन ठेवतात. पण आमच्यातलं कुणीही परभणीहून एस.टी.त बसलं की 'गावाकडं चाललोय' असंच म्हणतं, आणि देवगाव फाट्यावरच्या चहावाल्याला एखाद्या परक्यानं आमच्या शहराचा रस्ता विचारला, तर तो आधी 'शहर?' म्हणून गाळणी बाजूला ठेवतो.

या शहरात, जुन्या बाजारगल्लीच्या तोंडाशी, सूर्यभानमामांची गिरणी आहे. तिचे दोन भाग. पुढच्या खोलीत मामांची ज्वारी-गव्हाची चक्की, मागच्या खोलीत सत्यशीलामामींचं मिरची कांडपाचं मशीन. पुढं थांबलेलं गिऱ्हाईक पांढरं होऊन घरी जातं, मागं गेलेलं लाल डोळ्यांनी शिंकत. मामा सकाळी गिरणीत शिरले की तासाभरात भुवयांसकट पांढरे होतात, त्यामुळे त्यांचे केस नेमके कधी पिकले ते गावाला कळलंच नाही. खुद्द मामींनाही ते सुकेशनीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, लग्नात कळलं. त्या दिवशी गिरणी बंद होती आणि मामा आंघोळ करून बसले होते.

मामांचा एक शब्द आहे. खरं म्हणजे दोन आहेत, पण ते जोडूनच येतात: 'हरकत न्हाई.' तुम्ही डबा ठेवून विसरलात, हरकत न्हाई. गव्हावर चुकून बाजरी पडली, हरकत न्हाई. ऐन गर्दीत लाईट गेली, हरकत न्हाई, बसा, कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगा. हे शेवटचं ते मनापासून म्हणतात, कारण मामांना चौकशांचा भारी शौक. कुणाच्या ज्वारीला यंदा कीड का लागली, कुणाचा जावई पुण्यात नेमकं काय करतो, विमानाला रिव्हर्स गिअर असतो का, असं काहीही त्यांना जाणून घ्यायचं असतं. आमच्यासारखे रिकामटेकडे दळण नसतानाही तिथं जाऊन बसतात ते त्यापायीच.

मामींचा मात्र या दोन शब्दांवर जुना राग आहे. मामा त्यांना बघायला चुडाव्याला गेले होते. चहा-पोहे झाले. मामींच्या वडिलांनी विचारलं, "मुलगी पसंत हाय का?" मामा लाजले आणि म्हणाले, "हरकत न्हाई."

"पसंत हाय म्हणले न्हाईत!" मामी आजही कांडपाच्या आवाजावरून ओरडून सांगतात. "हरकत न्हाई म्हणले! जसं काई मी त्यांच्या पायावर पाय देला व्हता!"

तर अशा माणसावर एके दिवशी खरोखरची, लेखी, सहीनिशी हरकत घ्यायची पाळी आली.

झालं असं की नगरपरिषदेनं शहराचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा तयार केला. कच्चा आराखडा लोकांना दाखवायचा, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं, मग पक्का करायचा, अशी त्याची रीत. पेपरात जाहीर सूचना आली. निवृत्त शिक्षक रंगनाथ सर रोज गिरणीवर बसून पेपर वाचतात, आणि चक्कीच्या आवाजामुळे त्यांना तो मोठ्यानं वाचावा लागतो. त्यांनी वाचलं, "नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत."

शेजारचे वेल्डिंगवाले खलीलभाई डबा घेऊन आले होते. त्यांच्या बोलीत हरकत म्हणजे खोड्या, उपद्व्याप. ते दारातच थबकले.

"क्या बोलते सर? सरकार हरकतां मंगारी? पयली बार सुना! मेरे दोनों पोट्टों को भेज देतूं. लिख के भी देते, कर के भी दिखाते."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते वेगळ्याच विचारात होते.

"सर, वीस वर्षांनी आपलं गाव कसं दिसंल, ते आताच दाखवायलेत?"

"हो. भिंतीवर नकाशा लावलाय."

"कुणीबी बघावं?"

"कुणीही."

मामांनी चक्कीचा पट्टा उतरवला. भर सकाळी, गिऱ्हाईक असताना, लाईटही असताना मामांनी गिरणी थांबवलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

नगरपरिषदेच्या सभागृहात भिंतभर नकाशा होता. तिथं मंजुषा मॅडम नावाच्या तरुण कर्मचारी लोकांना समजावून सांगत होत्या. मामांनी आधी रेल्वे फाटक शोधलं. आमच्या गावात कुठलाही पत्ता 'फाटकाच्या अलीकडं की पलीकडं' इथूनच सुरू होतो. फाटक सापडल्यावर त्यांना धीर आला आणि त्यांनी प्रश्न काढायला सुरुवात केली.

"हे पिवळं काय हाय, मॅडम?"

"राहण्याची घरं."

"आन् निळं?"

"दुकानं, बाजार."

"हितं हिरवं दिसायलंय."

"तो बगीचा होणार आहे, मामा."

"हितं तर दत्तरावचा म्हशींचा गोठा हाय."

"हो, पण पुढे तिथं बगीचा होईल."

"आन् म्हशी?"

मंजुषा मॅडमनी नकाशाकडं पाहिलं. "म्हशी आराखड्यात दाखवत नाहीत," त्या म्हणाल्या.

मामा पुढं सरकले. नवं बसस्थानक पाहिलं, शाळेचं मैदान पाहिलं, पोहण्याचा तलाव पाहिला. मग बाजारगल्लीपाशी त्यांचं बोट थांबलं. तिथून दोन समांतर रेघा निघाल्या होत्या.

"हा नवा रस्ता. अठरा मीटर रुंद," मॅडम उत्साहानं म्हणाल्या.

"हितं माझी गिरणी हाय."

"अच्छा, रस्त्याच्या कडेला?"

"न्हाई. रस्त्यात."

मॅडमनी वाकून पाहिलं, पट्टी लावली, आणि त्यांचा उत्साह जरा उतरला. "हो. मधोमध आहे. सॉरी, मामा."

"हरकत न्हाई."

"असं नका म्हणू, मामा! हरकत असली तर लेखी द्या. तेवढ्यासाठीच तर लावलाय नकाशा."

मामा गिरणीत परतले ते भविष्यकाळ बघून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. त्यांनी मामींना बगीचा सांगितला, बसस्थानक सांगितलं, तलाव सांगितला.

"नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, आन् पवायला तलाव?"

"पाणी येईल त्या दिवशी पवतील की," मामा म्हणाले, आणि त्याच सुरात पुढं बोलून गेले, "आन् आपली गिरणी रस्त्यात जायलीय."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. गिरणीवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे की मामी मिरची अर्धवट सोडून बाहेर आल्या की मामला गंभीर आहे.

तो खरंच गंभीर होता. मामांच्या घराण्यात ज्या जागेवर स्वतःच्या नावाची पाटी लागली, अशी ही पहिली जागा. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबले, मामा तरुणपणी बाजार समितीत पोती उचलत होते. त्यांनी ही जागा घेतली, चक्की बसवली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली. रोज सकाळी आधी तिच्यावरचं पीठ पुसायचं, मग चक्की सुरू करायची. सुकेशनी नांदेडला नर्स झाली ती याच दोन मशीनांवर. या वयात गिरणी गेली तर दुसरीकडं नव्यानं गिऱ्हाईक जमवणं सोपं नव्हतं. दळणाचं गिऱ्हाईक फार तर दोन गल्ल्या चालतं.

पण मामांच्या मनात दुसराच किडा वळवळत होता. हा रस्ता जातो कुठं? नकाशात त्याची दोन्ही टोकं दिसली होती, पण रस्ता चालल्याशिवाय कळतो का? सोमवारी, गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी, ते रंगनाथ सरांना घेऊन नसलेल्या रस्त्यानं निघाले. सरांच्या हातात नकाशाचा मोबाईलवर काढलेला फोटो. पुढचं सगळं सरांकडून ऐकलेलं.

गिरणीपासून रस्ता नीट निघाला आणि एका चिंचोळ्या बोळीत शिरला. बोळीतून दत्तरावच्या गोठ्याला वळसा, गोठ्यापुढं एक पडकी विहीर, तिच्या काठानं जपून पलीकडं. आणि मग रस्ता सरळ कस्तुराबाईंच्या स्वयंपाकघरात शिरला.

कस्तुराबाई भाकरी थापत होत्या. दारात दोन माणसं मोबाईल आडवातिडवा करत उभी.

"काय हुडकायलाव, सर?"

"काही नाही, कस्तुराबाई. आम्ही रस्त्यानं चाललोय."

"कोणत्या?"

सरांनी जरा घुटमळत फोटो दाखवला. कस्तुराबाईंनी पिठाचा हात न लावता नीट पाहिलं.

"मंजी ह्या चुलीवरून ट्रका जाणार?"

"वीस वर्षांत कधीतरी," सर म्हणाले.

"मंग बसा की. ट्रक यायला वेळ हाय. च्या घेऊन जावा." कस्तुराबाईंनी आधण ठेवलं. "आन् सूर्यभान, तू कशाला इतका खुशीत दिसतुस रे? तुझी बी गिरणी उडायलीय म्हणं."

"मला बघायचंय, आक्का, हा निघतो कुठं."

तो निघाला बाभळीच्या बनातून, रुळांखालच्या नाल्याच्या मोरीपाशी. नकाशात तिथं भुयारी मार्ग दाखवलेला होता. मोरीतून वाकून पलीकडं गेलं की समोर सरकारी दवाखान्याची मागची भिंत.

मामांनी भिंतीला हात लावून पाहिला. आमच्या बाजूच्या माणसाला दवाखान्यात जायचं तर फाटकावरून मोठा वळसा. फाटक पडलं की मालगाडी येईस्तोवर ट्रॅक्टर, वरात, अँब्युलन्स, सगळे एका ओळीत समान हक्कानं उभे. सुकेशनीचा जन्म त्याच ओळीत, रिक्षात झाला होता. खलीलभाई अजून तिला 'फाटकवाली बेटी' म्हणतात.

"सर," मामा म्हणाले, "रस्ता लय चांगला काढलाय ओ."

हेच वाक्य त्यांनी घरी म्हणायला नको होतं.

"चांगला हाय म्हणून आपण उठायचं व्हय?" मामी कडाडल्या. "दुसऱ्याच्या घरावरून जाऊ द्या की!"

"तो बी हेच म्हणंल, सत्यशीला."

"म्हणू द्या! त्याला तोंड हाय. तुमाला बी देलंय. जल्मात एकदा, फकस्त एकदा, 'हरकत हाय' असं म्हणा. मग मेलं काई बी म्हणा."

अर्ज रंगनाथ सरांनी लिहिला. सरांचं मराठी असं की 'सदर भूखंडावर अर्जदाराचा विद्यमान पीठनिर्मिती व अनुषंगिक मसाला-चूर्ण व्यवसाय कार्यरत असून' इथपर्यंत ऐकून मामांनी काळजीनं विचारलं, "ह्यो कुणाचा?"

"तुमचाच."

"इतका मोठा हाय?"

सुनावणीच्या आदल्या दिवशी गिरणीवर तालीम झाली. मामी साहेब झाल्या. पोत्यांच्या थप्पीवर बसल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला.

"बोला, तुमची काय हरकत हाय?"

"हरकत..." मामा म्हणाले आणि अडकले. जिभेला पुढचा शब्द एकच माहीत होता. दुसऱ्यांदा 'हरकत हाय' म्हणताना त्यांना खोकला आला. तिसऱ्यांदा त्यांनी म्हटलं, पण इतक्या हळू, की साहेब थप्पीवरून घसरता घसरता ओरडले, "हाय का न्हाई?" आणि मामा दचकून म्हणाले, "न्हाई!" फोनवर स्पीकरवर असलेली सुकेशनी नांदेडात हसून हसून लोळत होती. "मम्मी, पप्पांला फक्त मान हलवायला लाव."

सुनावणीला सभागृहाबाहेरचा व्हरांडा भरला होता. आत समितीचे साहेब लोक टेबलामागं, बाजूला एक बाबू नोंदी करायला. एकजण आपल्या शेताला पिवळा रंग द्या म्हणून भांडत होता, दुसरा मिळालेला पिवळा काढून निळा मागत होता. दत्तराव म्हशींच्या बाजूनं तावातावानं बोलून घाम पुसत बाहेर आला. ऊन उतरायला लागलं तेव्हा मामांचं नाव पुकारलं. मामी दाराशी थांबल्या. आत एका वेळी एकच माणूस.

मुख्य साहेब सज्जन होते. सकाळपासून आरडाओरडा ऐकून दमलेले. समोर एक पांढऱ्या केसांचा शांत माणूस हात जोडून उभा राहिलेला पाहून त्यांना बरं वाटलं असावं.

"या, बसा मामा," ते म्हणाले. "सकाळपासून ताटकळत ठेवलं तुम्हाला. माफ करा."

आता इतक्या मोठ्या माणसानं माफी मागितल्यावर मराठी माणूस काय म्हणतो? मामा तेच म्हणाले. "हरकत न्हाई, साहेब."

बाजूच्या बाबूनं दिवसभरात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याला गहिवरून आलं असणार. त्यानं झरझर लिहिलं, 'अर्जदाराची हरकत नाही', आणि आवाज दिला, "पुढचे!"

पुढचे आत घुसलेसुद्धा. मामा नमस्कार करून बाहेर आले.

"झालं?" मामींनी विचारलं.

"झालं."

"इतक्यात? काय म्हणले?"

"लय चांगला माणूस हाय. माफी मागितली."

"आन् तुमी काय म्हणलाव?"

मामांनी सांगितलं. सांगता सांगताच त्यांना ते स्वतःला ऐकू आलं, आणि ते भिंतीला टेकले.

त्यानंतर सभागृहात जे घडलं ते आमच्या नगरपरिषदेच्या इतिहासात पहिलंच असावं. एका वेळी एकच माणूस हा नियम मोडून मामी आत गेल्या, मामांच्या मनगटाला धरून.

"साहेब, ते हरकत न्हाई म्हणले ते बसून राह्यलेल्याला! गिरणीला हरकत हाय!"

"नोंद झाली, बाई," बाबू म्हणाला.

"मंग खोडा! ह्यांनी मला बघायला आले तवा बी असंच म्हणलं व्हतं. ह्यांच्या बोलण्यावर कागद करायचा नसतो!"

साहेब लोकांमध्ये हशा पिकला. मुख्य साहेबांनी बाबूला हातानं थांबवलं. "मामा, तुम्हीच सांगा. हरकत आहे की नाही?"

सगळे मामांकडं बघायला लागले. मामींनी मनगट सोडलं नव्हतं.

"साहेब," मामा म्हणाले, "रस्ता मी चालून आलोय. चांगला हाय. तो व्हावा."

मामींनी डोळे मिटले.

"पण गिरणी जायला..." मामांनी एकवार मामींकडं पाहिलं, "गिरणी जायला माझी हरकत हाय."

"रस्ता हवा आणि गिरणीही हवी?"

"नकाशात एवढी पिवळी घरं दाखवलीत. त्यातली माणसं भाकर खातील का न्हाई? खातील तर दळण कुठं नेतील, ते मी लय शोधलं साहेब, सापडलं न्हाई. रस्ता न्या. आमाला कडंला उभं ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी समजावलं की प्रत्येक गिरणी नकाशात दाखवत नाहीत, राहत्या वस्तीत ती चालते. जागा गेली तर मोबदला मिळतो, किंवा दुसरीकडं वापरता येईल असं हक्काचं प्रमाणपत्र मिळतं.

"त्या परमाणपत्रावर मिरची कुटता येती का?" मामींनी विचारलं.

साहेब पुन्हा नकाशाकडं वळले. गिरणीसमोर नगरपरिषदेचा जुना जकात नाका होता. जकात बंद होऊन जमाना झाला, नाक्यात आता कबुतरं राहतात. साहेबांनी पट्टी ठेवली, दोघा अधिकाऱ्यांशी हळू बोलले, आणि मान वर करून म्हणाले, "पाहू."

सरकारी 'पाहू' म्हणजे काय, यावर गिरणीवर पुढं खूप चर्चा झाली. मामा रोज सरांना विचारायचे, "आलं का पेपरात?" मामी विचारत नव्हत्या, पण पेपर वाचायची वेळ झाली की मशीन थांबवायच्या. एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीची भाजणी दळून झाली, आणि अखेर पक्का आराखडा आला. मामांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'अंशतः मान्य'.

"अंशतः मंजी?"

"थोडीशी," सर म्हणाले. "रस्ता जकात नाक्याकडं सरकवलाय. तुमची पुढची खोली जाते, मागची राहते."

"मंजी माझं मशीन शाबूत," मामी म्हणाल्या, "आन् ह्यांचं रस्त्यात." हसावं की रडावं ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी सगळ्यांना चहा केला.

काही दिवसांनी टेप घेऊन माणसं आली, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर पिवळ्या रंगाची खूण करून गेली, आणि मग सामसूम. वीस वर्षांच्या आराखड्याला वीस वर्षं असतात, घाई कुणालाच नव्हती. दत्तरावच्या म्हशी होणाऱ्या बगीच्यात रवंथ करत बसल्या. कस्तुराबाईंनी स्वयंपाकघरात नव्या फरश्या बसवल्या.

मामांच्या चक्कीचा पाया मात्र तडकला. मशीन थरथरून जागा सोडायला लागलं. नवा पाया घालणं भाग होतं.

"आहे तिथंच घाला," मामी म्हणाल्या. "रस्ता यायचा तवा येईल."

मामांनी पिवळ्या खुणेवर बोट ठेवलं. "पाया एकदाच घालायचा असतो. रस्त्यात कशाला घालायचा?"

दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी मामींनीच मागच्या अंगणात पडलेली तुळई, कोंबड्यांचं खुराडं आणि जुनी पिंपं हलवली. तिथं खोली वाढवली, चक्की आत गेली. तसबीर मामांनी स्वतः नेली, कडेवर लेकरू न्यावं तशी. सोमवारी खलीलभाईंनी पुढच्या खोलीचे पत्रे कापून काढले, भिंती पाडल्या, आणि मामांनी मुरूम टाकून जागा सपाट केली.

मंजुषा मॅडम मुद्दाम बघायला आल्या. मोकळ्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. मग फोटो काढून घेऊन गेल्या, अंमलबजावणीच्या अहवालात लावायला. आमच्या शहराच्या विकास आराखड्यातला एवढा एकच तुकडा आजच्या घडीला पूर्ण झालेला आहे: गिरणीच्या दारापासून जकात नाक्याच्या कबुतरांपर्यंत. संध्याकाळी बाया तिथं डबे मांडून बसतात आणि मामांच्या चौकशांना आता जागा कमी पडत नाही.

परवा एक मोटारसायकलवाला परका माणूस एवढा रुंद रस्ता पाहून आत वळला आणि बोळीच्या तोंडाशी बावचळून थांबला.

"काका, हा रस्ता कुठं जातो?"

मामा पांढऱ्या भुवया झटकत बाहेर आले. "दवाखान्याला," ते अभिमानानं म्हणाले. "तुमी आजारी हाव का?"

"नाही."

"मंग थांबायला जमंल तुमाला," मामा म्हणाले. "रस्ता व्हईस्तोवर फाटकावरून जावा."